वाट पाहणाऱ्याचा हक्क

वाट पाहणे हा गरिबाचा जुनाच धंदा आहे. रेशनच्या रांगेत, एस.टी.च्या थांब्यावर, सरकारी दवाखान्याच्या बाकावर आपण तोच करत आलो. वाट पाहणाऱ्याला आपण सोशीक म्हणतो, त्याच्या सबुरीचे कौतुक करतो. पण प्रत्येक सबुरी हा सद्गुणच असतो का? घरापर्यंत न पोहोचलेल्या एका तारेने हा प्रश्न पुन्हा आपल्यापुढे ठेवला आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पुढे योजनेचे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर झाले. शिवाय तार ग्रामपंचायतीत येणे म्हणजे घरात येणे नव्हे. तिथून वाडी, वस्ती, मोहल्ला यांचे अंतर उरतेच.

शेतकरी पावसाची वाट पाहतो. पावसाने त्याला शब्द दिलेला नसतो, म्हणून तिथे तक्रार नसते, सबुरीच असते. माणसाने माणसाला वाट पाहायला लावली की मात्र गोष्ट बदलते. शब्द देणारा एक, मुदत पुढे ढकलणारा तोच, आणि दिवस मोजणारा दुसरा. इथे वाट पाहणारा याचक राहत नाही, तो धनको होतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. या योजनेचा पैसा बराच काळ सार्वत्रिक सेवा निधीतून आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा 5 टक्के वाटा या निधीत जातो आणि तो महसूल ग्राहकांच्या खिशातून येतो. ज्या वस्तीत तार नाही तिथला मजूरही मोबाइलचा रिचार्ज करतो. म्हणजे ज्या वस्तूची तो वाट पाहतो, तिच्या किमतीतला आपला हिस्सा त्याने आधीच भरलेला आहे. मग तार आल्यावर त्याने कुणाचे उपकार मानायचे?

यावर कुणी म्हणेल, सगळी गावे एकाच दिवशी कशी जोडणार? कुणीतरी शेवटी राहणारच. हे आम्हाला मान्य आहे. शेवटी राहणे हा अन्याय नव्हे. आपला क्रमांक कितवा, तो कुणी ठरवला आणि उशीर का झाला, हे न सांगणे हा अन्याय आहे. रांग दिसत असली तर माणूस शांतपणे उभा राहतो. न दिसणारी रांग त्याला लाचार करते.

दुसरा युक्तिवाद मोबाइलचा. मोबाइल आहेच की, असे म्हटले जाते. पण अनेक घरांत तो एकच असतो आणि कमावत्या माणसाबरोबर सकाळीच बाहेर पडतो. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याची किंमत मुलांनी मोजली, आणि भावंडांत फोन पुरेना तेव्हा अनेकदा मुलींनी आधी. 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. हक्क कागदावर आला, तार मात्र रस्त्यातच राहिली.

खरी कसोटी पुढे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, सातबारा, रेशनची पडताळणी, सारे ऑनलाइन होत चालले आहे. ही सुधारणा आम्हाला हवीच आहे. पण तार पोहोचण्याआधी कचेरीची खिडकी बंद झाली, तर तोवरचे वाट पाहणे ही शिक्षा होते, आणि तीही गुन्हा न केलेल्याला.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. उशीर होणार असेल तर तारीख आणि कारण सांगा. आणि शेवटच्या घराचे नवे दार उघडेपर्यंत जुनी खिडकी बंद करू नका. ज्यांच्या घरी तार आधी आली त्यांनीही हे मागणे आपले मानले पाहिजे. सबुरी शिकवण्याचा अधिकार वाट पाहणाऱ्यालाच असतो; जो पोहोचला आहे त्याच्या वाट्याला फक्त जबाबदारी येते.