सभा तहकूब

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ सायंकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या आळीतील विहिरीत गटाराचे पाणी झिरपत होते. "फादर, वर कोणाला तरी पत्र लिहा," ते म्हणाले. वर म्हणजे कोठे, असे विचारता त्यांनी आधी आमदारांचे, मग खासदारांचे नाव घेतले. ग्रामसभेत विषय मांडला काय? ते हसले. "तिकडे कोण जातो!" प्रश्न माझ्यावरच उलटला. मीही त्याच गावचा मतदार, आणि मीही कधी गेलो नव्हतो.

'वर' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. पंचायतींसाठी नोंदलेल्या २९ विषयांत पिण्याचे पाणीही आहे. मात्र हे अधिकार राज्य विधिमंडळ देऊ 'शकेल', अशी घटनेची भाषा आहे. त्या एका क्रियापदाच्या आडोशाला राज्ये आजवर निवांत बसली आहेत. पैसा तर त्याहून लांबून येतो: केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीने दिल्लीहून राज्याकडे, तेथून पंचायतीकडे. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिली. म्हणजे विहिरीची काळजी दिल्लीने वाहिली होती. पण कोणती विहीर, हे दिल्लीला कोण सांगणार?

पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात म्हटले की, धाकट्या समूहाला जे करता येते ते थोरल्याने हिरावून घेणे हा अन्याय होय. हे तत्त्व आपण सरकारला मोठ्या आवेशाने ऐकवतो. पण धाकट्यानेच काम टाकून दिले आणि थोरल्याने ते उचलले, तर त्याला हिरावणे म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही.

अर्थात सत्ता खाली आली की न्यायही येतो, असे नाही. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याविषयी फार कठोर उद्गार काढले होते. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले गेले, त्यांच्या वतीने ते बोलत होते. गावाच्या प्रेमापोटी आपण ते विसरतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही दोघे गेलो. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. जमलो ३७. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला ही अट नसते, त्यामुळे पुढच्या खेपेस २१ जणांत कामकाज चालले. विहिरीचा ठराव विनासायास संमत झाला. त्यानंतर आदिवासी पाड्यावरील नळाचा विषय निघाला. पाड्यावरून कोणीच आले नव्हते. निधी अपुरा म्हणून तो पुढे ढकलण्यात आला. आमची विहीर झाली होती. मी हात वर केला नाही.