पात्र आणि पात्रता

'पात्र' या शब्दाचे आपल्या भाषेत तीन अर्थ आहेत: भांडे, नाटकातील व्यक्ती, आणि दानास वा मानास योग्य असा मनुष्य. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी यांपैकी पहिले दोन एकाच वस्तूत आणून ठेवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे तिकोनी टोपी घालून बसलेल्या मद्यप्याच्या आकाराचे 'टोबी जग' होऊ लागले. टोपीचा कोपरा हीच त्यांची तोटी. पुढे १९३० नंतरच्या दशकात रॉयल डौल्टनच्या चार्ल्स नोक यांनी केवळ मस्तक व खांदे दाखविणारी मुखपात्रे प्रचारात आणली. ती जमविण्याचा छंद अनेकांस जडला. तिसरा अर्थ या संग्राहकांस लावून पाहावयाचा आहे.

१९८४ साली याच कारखान्याने क्लार्क गेबल या दिवंगत नटाचे मुखपात्र काढले. त्याच्या वारसांच्या बाजूची संमती नसल्यामुळे ते मागे घ्यावे लागले; परंतु काही नग तत्पूर्वीच बाहेर पडले होते. संग्राहकांनी पुढे त्यांनाच फार मोठे मोल दिले. जे बाहेर पडावयासच नको होते, तेच सर्वांत हवेसे ठरले!

सद्भावनेने मोल देऊन घेणाऱ्यास मी वकील या नात्याने दोष देणार नाही. संग्रह हेही पाप नव्हे. डौल्टनचा बर्स्लेम येथील कारखाना २००५ साली बंद पडला. तेथील हातांचे कसब अशा कपाटांतूनच जपले गेले आहे. प्रश्न वस्तू बाळगण्याचा नसून आनंदाच्या मुळाचा आहे. उद्या अशीच हजार पात्रे एखाद्या कोठारात सापडली, तर माझे पात्र मला तितकेच प्रिय राहील काय? उत्तर 'होय' असेल, तर प्रेम कारागिरीवर आहे. 'नाही' असेल, तर ते पात्रावर नसून इतरांच्या अभावावर आहे. दुर्मिळाचे कुतूहल स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल. खरे, पण कुतूहल वाटून घेतल्याने घटत नाही, घटतो तो अहंकार. परिग्रहाचा आरंभ वस्तूंच्या संख्येत नसून येथे आहे.

देवालयात सहस्रावधी लोकांनी दर्शन घेतले म्हणून आपले दर्शन उणे होत नाही. तेथील संपत्तीचा मालक आपल्या कायद्यानेही देवच. आपण केवळ सेवेकरी. घरच्या कपाटाकडेही ज्यास या सेवेकऱ्याच्या दृष्टीने पाहता आले, तो संग्राहक तिसऱ्या अर्थानेही पात्र होय.