वाट न पाहणारं बी

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात काळी माती, परडी, मातीचा घट आणि पुड्यांत बांधलेलं धान्य मिळतं. धान्य महिनोन्‌महिन्यांचं, खडखडीत वाळलेलं. तरी घटाखालची ओल लागली की दोन-तीन दिवसांत मोड दिसतात. कर्मसिद्धान्तात कर्माला बीज म्हटलं जातं, ते अशा धान्याकडे पाहून. संचित म्हणजे कणगीतलं धान्य: ओल मिळेल तेव्हा रुजणार, या जन्मी नाहीतर पुढच्या. आणि योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात येणारं दग्धबीज म्हणजे भाजलेला दाणा, दिसायला अख्खा पण कधीच न उगवणारा.

कोकोचं बी या उपमेत मावत नाही.

पिकलेलं फळ फोडलं की पांढऱ्या, बुळबुळीत, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. गर राखेने चोळून काढायचा आणि बी लगेच ओलसर, भुसभुशीत मातीत उथळ लावायचं. डबीत वाळवून ठेवलं तर मरतं, फ्रीजमधल्या गारठ्यातही मरतं. लालबाग-परळच्या कोकणी घरांना यात नवल वाटणार नाही. फणसाची आठळीही अशीच, वाळली की रुजत नाही. मुंबईची दमट हवा कोकोला मानवते, चाळीच्या गॅलरीतली सावलीही. दोनेक आठवड्यांत वाकलेला कोंब सरळ होतो आणि बीच्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर उचलून धरतो.

चॉकलेटसाठी याच बिया ढीग घालून आंबवतात. ढीग तापतो, आम्ल तयार होतं, अंकुर मरतो. चवीची सुरुवात तिथूनच होते. मग बिया वाळवून भाजतात. लिनियसने १७५३ साली ज्या झाडाची ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचं अन्न, या नावाने नोंद केली, त्याचं चॉकलेट असं शब्दशः दग्धबीज आहे.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे कर्माचे तीन प्रकार कीर्तनांतून सर्वांच्या ओळखीचे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडत असलेलं कर्म, हा वेगळा भेद मानला नाही, भोग सुरू झालेलं आणि न झालेलं, एवढे दोनच ठेवले. तर्क पक्का आहे. पण कोकोचं बी हातात घेतलं की क्रियमाण परत हवंसं वाटतं. काही कर्मं कणगीत जातच नाहीत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. त्यांच्यातल्या भुकेल्याला आज द्यायची भाकरी उद्यासाठी साठवता येत नाही. ती न देण्याचं संचित कदाचित होत असेल; देण्याचं मात्र होत नाही.

गॅलरीतल्या एकट्या रोपाला फळ धरेलच असं नाही. कोकोची कितीतरी झाडं स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, आणि तो वाहून नेणाऱ्या चिलटांएवढ्या माश्या तिसऱ्या मजल्यावर याव्या लागतात. फळ फोडलं त्या संध्याकाळी कुंड्या मात्र भरून तयार असाव्या लागतात.