चोवीस तासांची बाई



गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत, आमच्या पोरांची बैठक झाली. विषय: वस्तीतल्या बायांना काम. डोंबिवलीत अन् ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत म्हातारी माणसं एकटी पडलीत. पोरं पुण्याला नाहीतर परदेशात. त्यांचं हगणंमुतणं काढायला बाई लागते अन् त्यावर ब्युरोवाले गब्बर होतात. मग आपणच का नाही काढायचं सेवा केंद्र? कल्पना चांगली होती. मीही मान डोलावली.

मग एका दोस्तानं कुठल्याशा ब्युरोचा फॉर्म नमुना म्हणून वाचून दाखवला. मूळ आधार कार्ड कार्यालयात जमा. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार कमिशन. काम मध्येच सोडल्यास राहिलेला पगार जप्त. ड्युटी २४ तास.

कुणाला काही खटकलं नाही. एकानं विचारलं, कार्ड कशाला ठेवायचं? दोस्त म्हणाला, "बाई पळून गेली तर?"

मी त्या 'पळून'वर अडकलो. साहेबानं नोकरी सोडली तर त्यानं राजीनामा दिला म्हणतात. मग पळून कोण जातं?

हा शब्द मी स्वतः वापरलाय, म्हणून अडकलो. दोन वर्षांपूर्वी बापाला अर्धांगवायूचा झटका आला. मी नोकरीला, बायको शाळेत. ब्युरोतून बाई आणली. बीडकडची, नवरा ऊसतोडीला. दारात आली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला अन् तिचा चेहराच उजळला. "जयभीम दादा." आम्हालाही बरं वाटलं, आपलंच माणूस मिळालं. खरं सांगतो, त्या जयभीमनंच तिचा घात केला. परक्या बाईला सुट्टीचं विचारावं लागलं असतं. आपल्या माणसाला कोण विचारतंय? बापाच्या कॉटशेजारी सतरंजी टाकून ती निजायची. बाप रात्री चारदा उठवायचा. दीड महिना ती बिल्डिंगच्या गेटबाहेर पडली नाही. त्याच दीड महिन्यात मी समतेवर दोन भाषणं ठोकली.

मग गावाकडं तिची पोरगी तापानं पडली. बाई म्हणाली, जाऊन येते. मी ब्युरोला फोन लावला. ते म्हणाले, "बदली बाई नाय. अन् जाईल कुठं? कार्ड आमच्याकडं हाय, पंधरा हजार उचल घेतलीय तिनं." हे ऐकून मला धीर आला. राग नाही, धीर. मी तिला म्हणालो, "मावशी, आठ दिवस काढा." सहाव्या दिवशी पहाटे ती निघून गेली. कार्ड ब्युरोतच, चालू महिन्याचा पगारही तिथंच. मी शेजाऱ्याला सांगितलं, बाई पळून गेली. मी ब्युरोला महिना अठरा हजार मोजत होतो. त्यातले तिच्या हातात किती पडतात हे मी तोवर विचारलंही नव्हतं. पुढं दुसऱ्या बाईकडून कळलं, उचलीतून कापून सात.

आता वतनाकडं या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचं विधेयक मांडलं. बलुतं कमी पडतं एवढीच त्यांची तक्रार नव्हती. वतनदार महाराच्या कामाला घड्याळच नव्हतं. दिवसा, रात्री, कधीही हाक यायची. तो हजर नसला तर बाप, भाऊ, घरातलं जे सापडेल ते माणूस कामाला धरायचे. १९५८ च्या कायद्यानं ही वतनं मोडली. आपल्या आज्यांनी ज्यातून अंग सोडवून घेतलं ते हेच चोवीस तास. आता ते फॉर्मवर छापून आलंय अन् आपलीच पोरं खाली केंद्राचा शिक्का मारायला निघालीत.

ठाणे जिल्ह्याला हे नवं नाही. सावकाराकडनं लग्नाला पैसे घेतले की वारली गडी बायकोसकट त्याच्याकडं राबायचा. त्याला नावच होतं लग्नगडी. १९४५ साली वारल्यांनी लाल झेंडा घेऊन, गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं, ही वेठ झुगारली. १९७६ ला वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. तरी १९८० च्या दशकात विवेक अन् विद्युल्लता पंडितांना श्रमजीवी संघटनेतून वसई तालुक्यात वेठबिगार सोडवत फिरावं लागलं. उचल देणारा मुकादम वीटभट्टीवर असतो, उसाच्या फडात असतो. आता तो लिफ्टनं वर आलाय, एवढंच. तिकडं ब्रिटननं २०२२ मध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांना व्हिसा खुला केला, तर तिथंही दलालाला पैसे भरून, कर्ज काढून गेलेली माणसं मालकाच्या मुठीत सापडली. २०२५ च्या जुलैत त्यांनी बाहेरून नवी भरतीच बंद केली.

बैठकीत दोस्तानं मला पकडलं. "ती स्वतःच्या पायानं आली. कुणी बांधून आणली का?" हा सवाल सोपा नाही.

घटनेच्या २३ व्या कलमानं माणसांचा व्यापार, वेठ अन् सक्तीची मजुरी बंद केली. सक्ती म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टानं १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. दंडुका हीच सक्ती नव्हे. भूकही माणसाला ढकलते. किमान वेतनाखाली जो राबतो तो सक्तीनंच राबतो. अन् २०२३ च्या न्याय संहितेतही आहे, की धाकानं, फसवून किंवा सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठी माणूस आणला, तर त्याच्या 'हो'ला किंमत नाही.

हे मला पटतं, तरी एक खुट्टी राहते. भूक ही सक्ती, तर आपल्यातलं कोण सुटलं? माझी आई डोंबिवलीत बावीस वर्षं धुणीभांडी करायची. ती गुलाम होती म्हटलं असतं तर तिनं माझ्या मुस्काटात मारली असती. एका घरी वेगळा कप काढून ठेवलेला दिसला, तर त्याच दिवशी ती पदर खोचून बाहेर पडली. महिन्याचे दिवस मोजून पैसे घेतले अन् दुसरं घर धरलं. माझ्या घरातल्या मावशीला ते करता आलं नाही. ती उठली तर कार्ड जातं, पगार जातो, उचल मानेवर राहते. दोघीही भुकेनंच आल्या होत्या. जायचं म्हटल्यावर दोघींचं काय काय जातं, हे बघा.

बाबासाहेबांनी गुलाम अन् अस्पृश्य यांची तुलना केली. गुलामात मालकाचा पैसा गुंतलेला, म्हणून मालक त्याला निदान जगवतो. अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कुणावरच नाही. चोवीस तासांच्या बाईला दोन्ही मिळालंय. बांधली गुलामासारखी अन् वाऱ्यावर अस्पृश्यासारखी. आजारी पडली तर मी म्हणतो ब्युरोला विचारा, ब्युरो म्हणतो आम्ही नुसती गाठ घालून देतो.

म्हणून मी बैठकीत म्हटलं, कार्डाची झेरॉक्स ठेवू, मूळ कार्ड तिच्या पिशवीत. पगार पेशंटच्या घरून थेट तिच्या खात्यात. राबलेल्या दिवसांचा पैसा कुठल्याही कारणानं अडवायचा नाही. इथवर जमलं. उचल द्यायचीच नाही म्हटलं, तर वस्तीतल्या बायाच अंगावर आल्या. "तुम्ही नाय दिली तर सावकार देईल. पोरांच्या फिया तुम्ही भरणार का?" मी गप्प झालो. १९७६ चा कायदा उचलीला गुन्हा म्हणत नाही, उचलीपायी माणूस अडकवण्याला म्हणतो. मग असं ठरवलं, की उचल द्यायची, पण बाई काम सोडून गेली तर पैसा केंद्राचा बुडाला असं धरायचं. तिला अडवायचं नाही. दोस्त म्हणाला, "केंद्र सहा महिन्यांत बुडेल." बुडेलही. तसं बुडालं तर मला फार वाईट वाटणार नाही, हे मी तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो.

गाडी रुतली ती २४ तासांवर. मी म्हटलं, बारा-बारा तासांच्या दोन बाया. दोस्तानं तिथंच हिशेब मांडला. दुप्पट खर्च टॉवरवाल्याला झेपेल. तुला झेपला असता? नसता. आता बापाच्या राती मी अन् भाऊ वाटून काढतो, अन् ज्या दिवशी दोघंही थकतो त्या दिवशी मला मावशीची आठवण येते, ती चांगल्या कारणासाठी येत नाही.

मागं बसलेली एक म्हातारी आया तोवर काहीच बोलली नव्हती. ती म्हणाली, "भाऊ, बारा तासांनी सुट्टी दिली तर मी जाऊ कुठं? मला खोली नाय. मी चोवीस तास घेते ते छपरासाठी."

यावर कुणी काही बोललं नाही. फॉर्मवरचं ते कलम अजून खोडलेलं नाही, ठेवलेलंही नाही. रविवारी पुन्हा बैठक आहे. बायांना आधी बोलू द्यायचं, एवढंच नक्की झालंय.