आंधळा उंदीर व आंधळें बाळ

भंडारा जिल्ह्यांत धान घरीं आलें, कीं मागोमाग उंदीर येतो. त्यास मारतांना कोणाच्या मनास टोंचणी लागत नाहीं. मग डोळ्यांचें व्यंग असलेला उंदीर शास्त्रज्ञ मुद्दाम जन्मास घालतात, हें ऐकून मन कां शहारावें? आमच्या मतें शहारावेंच. धान्य राखणें निराळें. व्यंगासाठींच जीव घडविणें निराळें.

परंतु मूल जन्मतः अधू दृष्टीचें निघालें, कीं आईनें ग्रहण पाळलें नाहीं, असें लोक म्हणतात, व ती बिचारी तें जन्मभर ऐकते. १९९१ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, निसर्गतःच बारीक डोळ्यांच्या कांहीं उंदरांत पॅक्स-६ नांवाचें जनुक बिघडलेलें असतें. मनुष्यांत त्याची एक प्रत बिघडली, तर डोळ्यांतील रंगीत पडदा नीट बनत नाहीं. हा बिघाड बापाकडूनही येतो, कधीं नव्यानेंच उद्भवतो. ग्रहणाचा संबंध नाहीं. उंदरांचीं जनुकें हव्या त्या ठिकाणीं बदलण्याची विद्या त्याआधींच निघाली होती. तिजबद्दल २००७ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. उंदराचा गर्भ सुमारें वीस दिवसांत वाढतो, म्हणून डोळ्याची घडण कोणत्या दिवशीं चुकली, हें पाहतां येतें. मानवी गर्भावर असा प्रयोग कोण करील?

ह्यांतून लागलींच औषध निघतें असें नव्हे. आईवरील आळ मात्र उतरतो, व तो आम्ही लहान मानीत नाहीं. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा आपला १९६० चा कायदा प्रयोगांतही अनावश्यक वेदना टाळण्यास सांगतो. त्या मर्यादेंत हे प्रयोग आम्हांस न्याय्य वाटतात. पण उंदरावांचून उत्तर मिळत असेल, तेथें एकही उंदीर आंधळा करण्यास आमची संमति नाहीं.