निनावी वस्तूची प्रत

डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकूच्या वाडीतला एखादा जुना बंगला रिकामा व्हायला लागला की आधी भंगारवाला येतो आणि त्याच्या मागोमाग मला बोलावणे येते. मी हायस्कुलात संस्कृत शिकवत असे. संस्कृत येते त्याअर्थी जुने ते सगळे कळत असणार, अशी इथल्या लोकांची समजूत आहे आणि निवृत्तीनंतर मीही ती मोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. समया, चिनी मातीच्या बरण्या, गुजरातीतल्या हिशेबाच्या वह्या असे काय काय हातून जाते. एकदा शेजारच्या इराणी बागायतदारांनी तंबाखू ओढायचा एक पाइप आणून माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या प्रतीचा, एवढंच सांगा." पाइपवर एक अक्षर नव्हते.

पाइप कुणाचा, हेही त्यांच्या घरात कुणी सांगेना. त्याला कारण आहे. हे इराणी जरथुष्ट्री धर्माचे आणि त्या धर्मात अग्नी पूज्य. अग्यारीत अग्नीसमोर जाताना धर्मगुरू तोंडावर पांढरे फडके बांधतात, आपला श्वासही त्याला लागू नये म्हणून. तिथे विस्तव तोंडाशी धरून धूर काढायचा म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. सगळेच पाळतात असे नाही, पण आजोबांच्या कपाटात सापडलेला पाइप आजोबांचा म्हणायला जीभ रेटत नाही. "कोणी साहेब पाहुणा विसरून गेला असेल," असे ठरले. म्हणजे बनवणारा अज्ञात आणि ओढणाराही अज्ञात.

मी चष्म्यावर भिंग धरून बसले. पाइप ओढणारा माणूस मी सिनेमाबाहेर क्वचितच पाहिला असेल, पण वाचून आणि विचारून थोडे कळते. चांगले पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, तिचे लाकूड. ते विस्तवाला दाद देत नाही. त्यात रेषा असतात. वाटीच्या बाजूने सरळ उभ्या चढत गेलेल्या असल्या तर ती उत्तम प्रत. ठिपक्याठिपक्यांची नक्षी असली तर तीही चांगली. लाकूड आंधळे, रेषाच दिसत नाहीत, तर साधी. निर्माते दांडीवर आपले नाव ठोकतात. डनहिलवाल्यांचा तोंडात धरायच्या नळीवरचा पांढरा ठिपका तर लांबूनही ओळखू येतो. चांदीची कडी असेल आणि ती इंग्लंडची असेल तर तिच्यावर परीक्षागृहाचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि वर्षाचे अक्षर सापडले की निम्मे काम झाले. आमच्या पाइपला कडी होती, शिक्का नव्हता; चांदी नसून पांढरा मिश्रधातू असावा. आकार अगदी सरळ साधा, शंभर कारखान्यांनी काढलेला. काळ्या रबराची नळी उन्हाने मातकट हिरवी पडलेली. मग केरसुणीची एक काडी काढून नळीतून आत सारली. ती वाटीच्या तळाशी नेमकी मधोमध बाहेर आली. आमच्या सुताराला दाखवले तर तो म्हणाला, भोक पाडणाऱ्याचा हात बसलेला आहे. आणि वाटीच्या मागच्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, दोन बारीक खड्डे लांबी भरून बुजवलेले.

त्या दोन खड्ड्यांत उत्तर होते. ब्रायरच्या गाठीत किडीची किंवा वाळूची पोकळी निघते आणि कोरता कोरताच दिसते. नावाजलेले कारखाने असा पाइप फेकून देत नसत. खड्डा बुजवून, आपले नाव न ठोकता, स्वस्तात बाजारात सोडत. हात तोच, यंत्र तेच, लाकूडही त्याच पोत्यातले, फक्त नाव काढून घेतलेले. तेव्हा पाइपांच्या जगात नाव नसण्याचा अर्थ बहुधा एकच : बनवणाऱ्याला याची जबाबदारी नको होती.

मी हे शेजाऱ्यांना सांगितले आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आले की जन्मभर मुलांना याच्या बरोबर उलटे शिकवत आले आहे.

वेदार्थाची चिकित्सा करणारे मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ता नाही. त्यांचे एक कारण फार साधे आहे : कुणाला कर्ता आठवत नाही. इतकी पिढ्यान् पिढ्यांची अखंड परंपरा, शब्दाचा स्वरही न हलवता जपलेली, आणि तिला रचणारा मात्र आठवू नये, हे कसे शक्य आहे? तेव्हा रचणारा नव्हताच. आणि पुढची पायरी अशी की वाक्यात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. त्याला भ्रम होतो, लोभ सुटतो, तो फसवतो. बोलणाराच नाही, तर दोष शिरणार कुठून? सातव्या शतकातल्या कुमारिलभट्टांनी हे मोठ्या ताकदीने मांडले. निनावी म्हणून निर्दोष. पाइपवाला म्हणतो, सदोष म्हणून निनावी.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे पटत नव्हते. त्यांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्त माणसाने उच्चारला म्हणून. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो खोटे बोलणार नाही तो आप्त. वैद्यकशास्त्राचे सांगणे आपण मानतो ते जाणत्या वैद्याचे असते म्हणून, तसाच वेद. त्याच्या मागे ईश्वर आहे. कुंभारावाचून मडके नाही, तसे कर्त्यावाचून जग नाही, हा उदयनाचार्यांनी घासून पुसून धारदार केलेला युक्तिवाद याच घराण्यातला. थोडक्यात, नैयायिक माल उलटा करून आधी शिक्का बघतात. आणि 'आठवत नाही म्हणून कर्ता नाही' यावर मीमांसकांच्या प्रतिपक्षाने दिलेले उत्तर मला फार आवडते : पडीक विहीर कुणी खणली हेही आज कुणाला आठवत नाही, म्हणून ती आपोआप खणली गेली काय?

वर्गात मी विहिरीचे उत्तरही शिकवायची, पण मनातून मीमांसकांच्या बाजूची असायची. नावाचा गाजावाजा न करणारी माणसे मला आवडतात. शिवाय नावाचा शिक्का तरी कुठे भरवशाचा? संतांनी अभंगाच्या शेवटी नाव घातले, तरी नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले गेलेच. आणि निनावीपण पवित्र असू शकते, याचा दाखला तर जवळच आहे. बहारोटचा डोंगर इथून फार लांब नाही. संजाण ही आपली जुनी वस्ती पडल्यावर पारशांनी आपला सर्वोच्च दर्जाचा इराणशाह अग्नी बारा वर्षे त्या डोंगरातल्या गुहांमध्ये जपला, असे परंपरा सांगते. तोच आज उदवाड्यात आहे. त्या दर्जाचा अग्नी सोळा ठिकाणचे विस्तव शुद्ध करून एकत्र आणल्यावर प्रतिष्ठित होतो. त्यात कुंभाराच्या भट्टीचा असतो, सोनाराचा असतो, चितेचा असतो, विजेने पेटलेलाही असतो. धंदे लक्षात ठेवलेले आहेत, माणसे नाहीत. मला हे फार सुंदर वाटे.

आता वाटते ते जरा वेगळे आहे. त्याला कारण झाली तलासरीकडची एक भिंत.

माझी एक विद्यार्थिनी तिकडच्या वारली पाड्यात दिलेली आहे. तिच्या दिराच्या लग्नाला गेले होते. कुडाची भिंत शेणाने सारवून गेरूने लाल केलेली, तिच्यावर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक. मध्ये पालघट देवी, बाजूच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि बाहेर झाडे, माणसे, घोड्यावरचे नवरा-नवरी. हा चौक सवासिनींनी काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणायची. त्यावाचून लग्न लागत नाही. सही कुठेच नाही. मी पुस्तकी बाई, मला भरून आले. किती निरहंकारी कला, वगैरे. तसे मी विद्यार्थिनीच्या सासूला बोलूनही दाखवले.

त्या माउलीला माझे म्हणणेच कळेना. तिने भिंतीवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. चौकाची ही कड मोठ्या जावेची, तिच्यासारखी सरळ कड दुसऱ्या कुणाला येत नाही. घोडे शेजारणीचे, तिच्या घोड्याच्या मानेवरून पाड्यातले पोरही ओळखेल. झाडे लेकीची, अजून हात बसायचा आहे, त्या फांद्या बघा कशा गर्दी करतात. पालघट स्वतः तिने काढलेली. एकही रेघ निनावी नव्हती. आणि प्रत? तीही तिने न विचारता सांगून टाकली, लेकीची सुद्धा, लेकीच्या देखत.

सही नव्हती, कारण तिथे सहीची गरज असलेला माणूस एकटी मीच होते.

कुमारिलांचा युक्तिवाद त्या भिंतीपाशी मला पहिल्यांदा अडखळलेला दिसला. 'कर्ता आठवत नाही' हे म्हणणाऱ्याने कुणाला विचारले होते, हा प्रश्न त्यात येतच नाही. वेदांचे राहू द्या, तिथे विचारायला आता कुणी नाही. पण भिंतीचे? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी इकडच्या पाड्यांत फिरले, कागद दिले, आणि भिंतीवरचे चित्र बाजारात जाऊ शकले. कागदाला सही लागते. धामणगावात जन्मलेले आणि गंजाडच्या कळंबीपाड्यात राहिलेले जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. त्यांच्या बारीक, थरथरत्या जाळ्यांच्या रेघा आज जगातले जाणकार सही न बघता ओळखतात. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण ज्या कलेत शतकानुशतके बायकांचा हात होता, तिच्यातले जगाने पहिल्यांदा पाठ केलेले नाव पुरुषाचे निघाले, हेही नोंदवून ठेवावे. बायकांची नावे लपवलेली नव्हती. ती विचारली गेली नाहीत.

२०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, जसे पुढे २०१६ साली आमच्या चिकूला मिळाले. कायद्याने इथे मधला मार्ग काढला आहे : कर्ता एक माणूस नाही, कर्ता हा मुलूख आणि इथला समाज. चिकूला हे पुरते, झाडाची सही कोण मागतो? चित्राला मात्र ते अर्धेच पुरते. मुंबईच्या दुकानात कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, छत्र्यांवर तारपा नाच छापलेला मी पाहते. विचारले की उत्तर मिळते, "ट्रॅडिशनल आहे मॅडम, कुणा एकाचं नाही." ऐकायला हे कुमारिलांसारखे लागते. फरक एवढाच की कुमारिलांना त्यातून नफा नव्हता.

म्हणून आता माझे मत असे झाले आहे. प्रत ठरवायला कर्त्याचे नाव लागत नाही. पाइपची प्रत मला काडीने, भिंगाने आणि दोन खड्ड्यांनी सांगितली. नाव कळले असते तर मी बहुधा इतके निरखून बघितलेच नसते. या बाबतीत मीमांसक खरे, वस्तूचा कस वस्तूतच असतो. कर्ता विचारायचा तो कस ठरवायला नव्हे, देणे द्यायला. ज्याच्या हाताचे देणे लागतो तो माणूस असतो, त्याला पोट असते, कधी कधी तो दोन पाड्यांपलीकडेच राहत असतो. अशा वेळी अपौरुषेयाचा आदर दाखवणे म्हणजे उधारी बुडवणे.

शेजाऱ्यांना मी लिहून दिले : ब्रायर, मध्यम प्रत, काम उत्तम, लाकडात दोष, निर्माता सांगता येत नाही. ते थोडे हिरमुसले. मग दबल्या आवाजात म्हणाले की आजोबा संध्याकाळी वाडीच्या पार टोकाला, घराकडे पाठ करून बसत. मी तेही नोंदीत घातले, त्यांच्या संमतीने.

गेल्या महिन्यात इथल्या एका लहानशा प्रदर्शनासाठी जुन्या वस्तूंची यादी करायला मला बोलावले होते. त्यात बिनसहीची काही वारली चित्रे आणि फुंकून वाजवायचा एक जुना तारपा होता, भोपळ्याला मेणाची ठिगळे लावलेला. फॉर्मवर 'कर्ता' असा रकाना होता आणि आधीच्या माणसाने सगळीकडे 'अज्ञात' लिहून ठेवले होते. मी ते खोडून 'विचारले नाही' असे लिहिले. संयोजकांना ते उद्धट वाटले. तरी तारप्याबाबत एका पोराने दोन पाड्यांत विचारून पाहिले, आणि भोपळा कुणी पिकवला, मेण कुणी लावले, ही दोन्ही नावे त्याला मिळाली.

तुमच्या घरी पूर्वी कधी घेतलेले, सही नसलेले वारली चित्र भिंतीवर असेल, तर ते उतरवा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा : कुठल्या पाड्यातून आणले, कुणाच्या हातून घेतले, कोणत्या साली, किती रुपयांना. आठवत नसेल तर ज्याने आणले त्याला विचारा. आणि तो हयात असेल तोवरच विचारा.