झिजण्याचा हिशेब

सोलापूरला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जुन्या ग्राइंडिंग व्हीलचा एक तुकडा पडलेला असतो. आई त्यावर विळीला धार लावते. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर अठ्ठावीस वर्षं उभे राहिले, तिथून तो आला. सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आठवतात. पण १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्सही इथलीच. इंजिनाच्या अशा भागांना अचूक माप आणायला ग्राइंडिंग लागतं. त्या घासण्यावर या गावात बरीच घरं चालतात.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत बाबा घरी येऊन 'सिरॅमिक' चाकाचं कौतुक करायचे. ते चाक लवकर बोथट होत नाही, सारखं ड्रेसिंग करावं लागत नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, म्हणून कुतूहलानं वाचलं. जुन्या पद्धतीचा कण म्हणजे विजेच्या भट्टीत २००० अंशांच्या वर वितळवून, थंड करून फोडलेला कुरुंद. एका कणात मोजकेच मोठे स्फटिक असतात. तो घासून सपाट होतो, नाहीतर मोठा टवका उडून वाया जातो. सपाट कण कापत नाही, नुसता घासतो. उष्णता वाढते आणि जॉब जळतो. कडक केलेल्या पोलादात हे जळणं कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. वरून पृष्ठभाग चकचकीत असतो, आम्लानं धुतल्यावर काळे डाग उमटतात.

सिरॅमिक कण वितळवत नाहीत. आधी जेलीसारखा पदार्थ करतात, तो वाळवतात, त्याचे कण करतात आणि मग भट्टीत भाजतात. थ्रीएम कंपनीनं १९८१ साली असे कण बाजारात आणले. यातला एकेक स्फटिक मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. त्यामुळे दाब आला की कणाचा अगदी बारीकसा अंश तुटतो आणि खालून नवी धार उघडी पडते. मात्र दाब पुरेसा हवा. हलक्या हातानं चालवलं तर हाही कण बोथट होतो.

मला हे फार आवडलं. इतकं, की पुण्याच्या ऑफिसात टीम लीड झाल्यावर मी ते वापरायला लागले. रिलीजच्या आठवड्यात एक नवा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसत होता. मी त्याला सिरॅमिक कणाची गोष्ट सांगितली. दाब आला की धार येते, म्हटलं. तो हसला. काम उत्तम करत राहिला. दीड महिन्यानं त्यानं राजीनामा दिला, आणि त्याला किती दिवस झोप लागत नव्हती हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. चकचकीत पृष्ठभागाखालचं जळणं मला ठाऊक होतं, तरी मी तपासलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेल्यावर हे बाबांना सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण मशीनच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेलाय. ते म्हणाले, "अगं, पण चाक झिजतंच की. धार येते म्हणजे चाक कमी होतं. आम्ही रोज व्यास लिहून ठेवायचो."

माझ्या गोष्टीतून नेमकं हेच गळलं होतं. धार चाकाची असते, पण चाकासाठी नसते. ती जॉबसाठी असते. चाक उपभोग्य वस्तू आहे, विकत घेतानाच ते संपणार हे ठरलेलं असतं. माणसाला 'घासल्याशिवाय धार येत नाही' म्हणताना आपण त्याला नकळत त्याच कपाटात ठेवतो. आणि कारखाना निदान हिशेब तरी ठेवतो. चाकाचं किती घनफळ झिजलं आणि त्या बदल्यात किती धातू निघाला, या गुणोत्तराला जी-रेशो म्हणतात. बाबांच्या कानाचा व्यास कुठल्याच रजिस्टरात नाही.

कष्टानं माणूस घडतो हे खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. तालमीत पोरं अंग मोडून घेतात. मी स्वतः रात्री जागून प्रोग्रामिंग शिकले. पण तिथे धार ज्याची, त्याच्याकडेच राहते, आणि दाब किती घ्यायचा हेही बरंचसं तोच ठरवतो. त्या मुलाचा दाब मी ठरवत होते, फायदा रिलीजचा होत होता आणि झीज त्याची. या तीन गोष्टी तीन ठिकाणी असताना झिजण्याला घडणं म्हणायचा अधिकार फक्त झिजणाऱ्याला आहे. दाबणाऱ्यानं तो शब्द वापरू नये. त्यानं मोजावं.

कणाची रचना करणाऱ्यांनी तो कुठे आणि किती तुटावा याचा आधीच विचार केला होता. मी त्या मुलासाठी तेवढाही केला नव्हता.

आता टीममध्ये कोण किती रात्री जागलं, हे मी लिहून ठेवते. तीन झाल्या की काम पुढे ढकलते, आणि तारीख का चुकली याचं उत्तर वर मी देते. त्यानं फार काही बदललंय असं नाही. त्या मुलाला मी मेसेज केला होता. "ठीक आहे मॅडम, आता बरं आहे," एवढंच उत्तर आलं.